मातीच्या घटाचे बोधचिन्ह : 'इकोमार्क' योजना आणि वेष्टनावरील चिन्हांचा गोंधळ (१९९१–२०२४)

गृहोपयोगी वस्तूंच्या वेष्टनावरील पर्यावरणविषयक चिन्हांचा इतिहास १९७८ साली पश्चिम जर्मनीत सुरू झालेल्या 'ब्लू एंजल' चिन्हापाशी जातो. भारतात हा विचार शासकीय पातळीवर रुजण्यास १९९१ साल उजाडले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने 'इकोमार्क' योजना अधिसूचित केली आणि मातीचा घट हे तिचे बोधचिन्ह ठरविले. माती ही पुन्हा उपलब्ध होणारी साधनसंपत्ती आहे, तिच्यापासून घातक कचरा होत नाही, घट घडविण्यास ऊर्जाही थोडी लागते, असे त्याचे समर्थन करण्यात आले. घटाच्या आकारात बळ आणि भंगुरता दोन्ही सामावलेली आहेत, असेही म्हटले गेले. हे समर्थन काव्यमय खरे. परंतु दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकास येथे जोर्वे आणि इनामगाव येथील खापरे आठवल्याशिवाय राहत नाहीत. भाजलेली माती सुमारे तीन हजार वर्षांनंतरही मातीत मिसळलेली नाही.

साबण व डिटर्जंट, कागद, रंग, प्लास्टिक, वेष्टन साहित्य अशा अनेक वस्तुवर्गांचा योजनेत समावेश होता. वेष्टन पुनर्चक्रीकरणास, पुनर्वापरास योग्य किंवा जैवविघटनशील असावे, ही एक अट होती. दुसरी अट अधिक मोलाची होती. चिन्ह कोणत्या निकषांवर मिळाले, हे वेष्टनावर थोडक्यात छापणे आवश्यक होते. चिन्ह आणि त्याचा अर्थ ग्राहकासमोर एकत्र यावेत, ही दृष्टी त्या काळाच्या मानाने पुढची होती. मात्र योजना ऐच्छिक होती आणि परवाना भारतीय मानक ब्युरोकडून घ्यावयाचा असल्याने वस्तूला गुणवत्तेच्या मानकासही उतरावे लागे. एका घटासाठी दोन परीक्षा देण्यास फारच थोडे उत्पादक पुढे आले आणि घट बाजारात जवळजवळ दिसलाच नाही.

ती जागा इतर चिन्हांनी घेतली. १९७० मध्ये अमेरिकेत गॅरी अँडरसन या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी तीन बाणांचे पुनर्चक्रीकरण चिन्ह रेखाटले. १९८८ मध्ये तेथील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने तशाच बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ हे अंक घातले. हा अंक केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. वस्तूचे पुनर्चक्रीकरण होईलच, असे तो सांगत नाही. भारतातही १९९९ च्या प्लास्टिकविषयक नियमांनी आयएस १४५३४ : १९९८ या मानकाद्वारे अशा खुणांना मान्यता दिली. सामान्य ग्राहकाने बाण पाहिले; अंकाचा अर्थ त्याला कोणी सांगितला नाही.

हिरव्या रंगाची कथा याहून चमत्कारिक आहे. जर्मनीतील 'ग्रीन डॉट' हे चिन्ह, उत्पादकाने वेष्टन गोळा करण्याच्या व्यवस्थेचे शुल्क भरले आहे, एवढेच दर्शविते. भारतात २००१ पासून चौकोनातील हिरवा ठिपका शाकाहारी खाद्यपदार्थांची खूण ठरला. दोन्ही खुणा हिरव्या, दोन्ही गोलाकार. पर्यावरणाच्या गुणवत्तेशी मात्र दोहोंचाही थेट संबंध नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या इकोमार्क नियमांनी १९९१ च्या योजनेची जागा घेतली आणि अंमलबजावणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आली. पुढच्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. 'पर्यावरणपूरक', 'हरित' असे मोघम शब्द पुरेशा खुलाशाविना आणि पुराव्याविना वापरता येणार नाहीत, असे त्यांत नमूद आहे. घटाशेजारी निकष छापण्याची जी अट १९९१ मध्ये घातली गेली होती, तिचाच आशय तेहतीस वर्षांनी शब्दांना लागू झाला.