धर्मगुरूंवांचून टिकलेला विश्वास

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं खरी ख्रिस्ती साक्ष कशास म्हणावें, याचा विचार करतांना आमचें मन वसईच्या एका सुपुत्रामागून जपानकडे जातें.

संत गोन्सालो गार्सिया हे मूळचे वसईचे. फ्रान्सिस्कन संघाचे बंधु या नात्यानें ते 1593 सालीं दुभाषी म्हणून जपानांत गेले, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें 25 सोबत्यांसह क्रुसावर त्यांनीं देह ठेविला.

पुढें 1614 सालीं त्या देशांत ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. 1644 नंतर तेथें एकही धर्मगुरु उरला नाहीं. तरी नागासाकीजवळील उराकामी गांवच्या शेतकऱ्यांनीं विश्वास सोडला नाहीं. एकानें सणावारांचें पंचांग सांभाळावें, दुसऱ्यानें बालकांस बाप्तिस्मा द्यावा, तिसऱ्यानें घरोघर निरोप पोंचवावा, अशी व्यवस्था त्यांनीं गुप्तपणें चालविली. सरकारी अधिकारी त्यांस पवित्र प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. भयानें तसें करणारे घरीं येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. ते निर्भय वीर नव्हते. ते पडत, आणि प्रार्थनेच्या आधारें पुन्हां उठत.

अशीं दोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांस 1862 सालीं संतपद मिळालें, आणि त्याच 26 हुतात्म्यांच्या नांवें नागासाकीस ओउरा येथें फ्रेंच मिशनऱ्यांनीं मंदिर बांधलें. 17 मार्च 1865 रोजीं उराकामीचे कांहीं लोक तेथें आले. एका स्त्रीनें फादर पेतिज्यां यांच्याजवळ येऊन हळूच सांगितलें कीं, आमचें व आपलें अंतःकरण एकच आहे. मग पवित्र मारियेची मूर्ति कोठें आहे, असें विचारलें. त्या दिवसांत उपवासकाळ चालू आहे, हेंही त्या लोकांस ठाऊक होतें! पिढ्यान्‌पिढ्या मोजलेले दिवस चुकले नव्हते. त्यांची साक्ष पटण्यास याहून मोठें प्रमाण कोणतें?

पुन्हां छळ झाला. 1868 पासून तीन हजारांहून अधिक जण हद्दपार झाले. 1873 सालीं बंदी उठली, तेव्हां वांचलेले घरीं परतले.

आम्हांस मंदिर आहे, धर्मगुरु आहेत, घंटाही नित्य वाजते. परंतु उद्यां ती थांबली, तर आमच्या घरांतील जपमाळ चालू राहील काय? आमचीं मुलें उपवासकाळाचे दिवस मोजतील काय? या ज्युबिलीच्या दिवशीं प्रत्येक कुटुंबानें आपणांस हा प्रश्न विचारावा, व त्याचें उत्तर आज सायंकाळच्या प्रार्थनेनें द्यावें.

हे संत गोन्सालो, आम्हांसाठीं विनंति कर.