थर्माकोल फलक : अस्तर व रंगकाम

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. महाराष्ट्रात गणपतीची मखरे, मंचामागची अक्षरे आणि दुकानांचे उठावाचे फलक दीर्घकाळ याच पदार्थात कोरले गेले. विजेने तापवलेल्या नायक्रोम तारेने कापल्यास कडा वितळून गुळगुळीत होते. सुरीने कापल्यास मात्र दाणे उघडे पडतात.

फलकाचे आयुष्य अस्तरावर ठरते. तेलरंगातील थिनर, पेट्रोल किंवा ॲसिटोन यांत पॉलिस्टायरीन विरघळते. टाकाऊ तुकड्यावर थिनरचा एक थेंब टाकला की लगेच खड्डा पडतो. बऱ्याच स्प्रे रंगांतही असेच द्रावक असते. म्हणून पहिला हात पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा किंवा पांढऱ्या डिंकाचाच हवा. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून भुकटी झटकावी, डिंकात खडूची पूड कालवून पातळ लेप द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर पुन्हा घासावे. दोन-तीन पातळ लेप एका जाड लेपापेक्षा केव्हाही चांगले. जाड लेपाला वाळताना भेगा पडतात. कोपरे फार लवकर तुटतात, तिथे डिंकात भिजवलेली मलमलची पट्टी चिकटवावी. मग ॲक्रिलिक रंग. बाहेरच्या फलकाला ॲक्रिलिक वॉर्निश अत्यावश्यक, कारण उन्हाने उघडे थर्माकोल पिवळे पडून त्याचा भुगा होतो. तापल्या तारेचा धूर अपायकारक असतो; काम मोकळ्या हवेत करावे.

राज्य शासनाने मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तीत सजावटीचे थर्माकोलही आले. ते कुजत नाही, दाणे नाल्या-नद्यांत जातात. ही बंदी योग्यच होती. मखरांसाठी आता पुठ्ठा, कागद, कापड व बांबू वापरतात. पुठ्ठ्यालाही डिंक-खडूचे हेच अस्तर चालते.