दहा बोटांचा प्रवास : कलकत्ता, जोहान्सबर्ग, वर्धा

1991 च्या सप्टेंबर महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात एकविसाव्या शतकातला संगणक कसा असेल यावर एक लेख आला. लेखक मार्क वायझर हे कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे असे की पुढचा संगणक टेबलावर मांडून ठेवलेला नसेल. तो दारात, भिंतीत, पाटीएवढ्या फळीत, छातीवरच्या बिल्ल्यात विरघळून जाईल. माणूस आला की बिल्ला ओळखून दार उघडेल, तो ज्या खोलीत असेल तिथलाच फोन वाजेल, आणि आपण संगणक वापरतो आहोत हे त्याच्या ध्यानातही येणार नाही. या कल्पनेला मराठीत ‘सर्वव्यापी संगणन’ म्हणता येईल. वायझर 1999 मध्ये वारले, जेमतेम 46 वर्षांचे असताना.

हे वाचले की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या शहरातला फ्लॅट येतो. दूध संपले की स्वतःच ऑर्डर देणारा फ्रीज, हाक मारली की लागणारा दिवा. वर्धा जिल्ह्यात हा संगणक त्या वाटेने आला नाही. तो गॅस सिलिंडरसोबत आला. 1 जून 2013 रोजी केंद्र सरकारने काही निवडक जिल्ह्यांत सिलिंडरची सबसिडी थेट बँक खात्यात टाकायला सुरुवात केली. त्या पहिल्या यादीत वर्धा होता. सिलिंडर बाजारभावाने घ्यायचा, सरकारचा वाटा आधारशी जोडलेल्या खात्यात येईल. ज्यांनी जोडले नाही त्यांना तीन महिन्यांची मुदत. पुढे चार-पाच वर्षांत रेशन दुकानांत ई-पॉस मशीन आले. आता हिंगणघाट, आर्वी, देवळी, पुलगाव, कुठेही जा, पेरणी झालेल्या शेताचा फोटो मोबाइलवरून चढवावा लागतो, पेन्शन हवी तर हयातीचा दाखला अंगठ्याने देता येतो, आणि धान्य हवे तर ‘थंब’ लावावा लागतो. याला कोणी कॉम्प्युटर म्हणत नाही. बायका नुसते ‘मशीन’ म्हणतात, आणि ते घेत नाही म्हणजे काय हे प्रत्येकीला कळते.

वायझर म्हणत होते तसा संगणक खरोखरच विरघळला आहे. फरक एवढाच की त्यांचा बिल्ला सेवा देण्यासाठी माणसाला ओळखत होता, आणि आपले मशीन तपासणी करण्यासाठी ओळखते. ओळखते कशावरून, तर बोटांवरून. ही बोटांवरून ओळखण्याची विद्या आपल्याच देशात तयार झाली, आणि तिच्या इतिहासात आपल्या लोकांची नावे दोन्ही बाजूंना आहेत, घडवणाऱ्यांत आणि नाकारणाऱ्यांतही. शाळेच्या पुस्तकात ही कहाणी सलग कुठे येत नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगते.

1858 मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी रस्त्याच्या मालाचा करार केला आणि सहीऐवजी त्याच्या पूर्ण पंजाचा ठसा घेतला. उद्या हा माणूस ‘सही माझी नाही’ म्हणेल, ही भीती. म्हणजे सुरुवातच अविश्वासातून झाली. पुढे इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन यांनी 1892 मध्ये बोटांच्या ठशांवर पुस्तक लिहिले आणि कोणत्याही दोन माणसांचे ठसे सारखे नसतात, ते आयुष्यभर बदलत नाहीत, हे मांडले.

पण खरी अडचण वेगळीच होती. ठसे घेणे सोपे, शोधणे अवघड. कचेरीत हजारो कागद साठले आणि एक माणूस पकडून आणला, तर त्याचा जुना कागद काढायचा कसा? नाव तो खोटे सांगणार. हे कोडे कलकत्त्याच्या एका तरुण सब-इन्स्पेक्टरने सोडवले. त्याचे नाव काझी अझीझुल हक. खुलना भागातला, प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला, गणितात हुशार. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांनी त्याला आपल्या कामावर घेतले होते.

हक यांची युक्ती मुलांना फळ्यावर समजावता येते. बोटावरच्या रेषा कुठे भोवऱ्यासारख्या गोल फिरतात, कुठे फिरत नाहीत. प्रत्येक बोटाला एवढा एकच प्रश्न विचारायचा : भोवरा आहे की नाही? दोन बोटांची एक जोडी धरली तर उत्तरे चार. दहा बोटांच्या पाच जोड्या. चार गुणिले चार असे पाच वेळा केले की 1024 होतात. 32 ओळी आणि 32 रकाने असलेले कपाट केले की प्रत्येक माणसाच्या कागदाला ठरलेला एक कप्पा मिळतो. नाव काहीही सांगू दे, बोटे पाहिली की कप्पा सापडतो. हो किंवा नाही, आणि त्यावरून पत्ता. संगणकाचे शास्त्र आज ज्या पायावर उभे आहे तोच हा पाया, फक्त लाकडी कपाटात. हेमचंद्र बोस या त्यांच्या सहकाऱ्याने पुढे त्यात भर घातली. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली.

जगात मात्र ही ‘हेन्री पद्धत’ म्हणून ओळखली गेली. हेन्रींनी 1900 साली पुस्तक काढले, 1901 मध्ये ते लंडनला स्कॉटलंड यार्डात गेले आणि तिथे हीच पद्धत बसवली. हक यांना पुढे अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. सरकारने खान बहादूर किताब दिला, 5,000 रुपये दिले, आणि 1926 मध्ये हेन्रींनी एका पत्रात मान्य केले की त्यांच्या हाताखालच्या माणसांत हकांचा वाटा सर्वांत मोठा होता. 1935 मध्ये हक बिहारात मोतीहारीला वारले. आपल्याकडे मुस्लिम शास्त्रज्ञांची यादी काढताना बगदाद आणि कुर्तुबापासून सुरुवात होते. कलकत्त्याच्या या फौजदाराचे नाव मी कोणत्याही सीरत-निबंध स्पर्धेत ऐकलेले नाही.

लंडनला जाण्याआधी हेन्री एका ठिकाणी थांबले होते. 1900 मध्ये त्यांना दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरिया आणि जोहान्सबर्गच्या पोलिसांची घडी बसवायला पाठवले होते. तिथल्या ट्रान्सवाल सरकारने 1906 च्या ऑगस्टमध्ये एक वटहुकूम छापला. आठ वर्षांवरच्या प्रत्येक हिंदी माणसाने, बायकांसकट, पुन्हा नोंदणी करायची, बोटांचे ठसे द्यायचे, दाखला सदैव जवळ बाळगायचा. पोलीस रस्त्यात अडवून, घरात शिरूनही तो मागू शकतील. मोहनदास गांधी तेव्हा जोहान्सबर्गला वकिली करत होते. त्यांनी हेन्रींचे पुस्तक वाचले होते, म्हणजे एका अर्थी हकांचेच काम वाचले होते. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की कायद्याने ठसे फक्त गुन्हेगारांकडून घेतात. मग एका संपूर्ण जमातीकडून का?

11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली. तीन हजारांच्या आसपास माणसे. अध्यक्ष होते अब्दुल गनी. ठराव मांडून टाळ्या वाजवून लोक घरी गेले असते. पण शेठ हाजी हबीब उभे राहिले आणि म्हणाले, हा ठराव खुदाला साक्षी ठेवून करू या. गांधींनी स्वतः लिहून ठेवले आहे की ते दचकले. ठराव मोडता येतो, शपथ मोडता येत नाही. मग त्यांनी लोकांना शपथेचा अर्थ समजावला आणि सगळ्यांनी उभे राहून ती घेतली. सत्याग्रहाचा जन्म तो हाच. बोटांच्या ठशांवरून झालेला.

पुढचा भाग जास्त गुंतागुंतीचा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. जानेवारी 1908 मध्ये गांधी तुरुंगात असताना जनरल स्मट्सशी तडजोड झाली : लोकांनी आपखुशीने नोंदणी करावी, मग कायदा रद्द होईल. गांधी ठसे द्यायला तयार झाले. पठाण मीर आलमचा प्रश्न सरळ होता. काल जे गुन्हेगाराचे लक्षण होते ते आज कसे चालते? 10 फेब्रुवारीला नोंदणी कचेरीकडे जाताना त्याने गांधींना लाठीने मारले. गांधींनी बिछान्यावर पडल्या पडल्या दहा बोटांचे ठसे दिले. त्यांचे म्हणणे होते की सक्तीने दिले तर अपमान, राजीखुशीने दिले तर नाही. स्मट्सनी कायदा रद्द केला नाही. 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात लोखंडी कढई ठेवून दोन हजारांहून जास्त दाखले रॉकेल ओतून जाळले गेले. मीर आलम तिथे आला, आपण चुकलो म्हणाला, आणि आपला जुना दाखलाही कढईत टाकायला दिला.

तेच गांधी 1934 मध्ये वर्ध्याला आले आणि 1936 मध्ये शेगावला, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून इंग्रज सरकारने आश्रमात बसवलेला टेलिफोन आजही तिथे दाखवतात. मुलांची सहल नेली की ती चरख्यापेक्षा त्या फोनपाशी जास्त रेंगाळतात. तिथून थोड्याच अंतरावर 2013 मध्ये लोक सिलिंडरसाठी आधार जोडत रांगेत उभे होते. आधारला लागतात दहा बोटे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि एक फोटो.

आधार म्हणजे ट्रान्सवालचाच कायदा, असे मी म्हणणार नाही. तो एका जमातीला रोखण्यासाठी होता, हा सगळ्यांसाठी आणि देण्यासाठी आहे. मधल्या दलालाचा हात कमी झाला, बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येऊ लागले, वर्ध्याचा मजूर पुण्यात रेशन उचलू शकतो. हे खरे आहे. पण गांधी आणि मीर आलम ज्या प्रश्नावर भांडले तो प्रश्न सुटलेला नाही. कागदावर नोंदणी ऐच्छिक. धान्य, गॅस, पेन्शन, मानधन त्याच्याशी जोडले की ऐच्छिक या शब्दात काय उरते? सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी लाभांसाठी आधार ग्राह्य धरले, खासगी कंपन्यांची सक्ती नाकारली, आणि शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे नाही असेही सांगितले.

शिवाय मशीन चुकते. रेशन दुकानातले मशीन ‘हा कोण’ असे विचारत नाही, ‘ही तीच का’ एवढेच विचारते. हकांच्या कपाटापेक्षा हे काम सोपे. तरीही बोटावरच्या रेषाच झिजल्या असतील तर उत्तर ‘नाही’ येते. कापूस वेचणारी, भांडी घासणारी, सिमेंट कालवणारी, सत्तरी ओलांडलेली. ज्यांना धान्याची सर्वांत जास्त गरज, त्यांचीच बोटे सर्वांत जास्त झिजलेली. कलकत्त्याच्या कारकुनाला ठसा पुसट दिसला तर तो भिंग घेऊन पुन्हा बघायचा. मशीन कारण सांगत नाही. दुकानदार म्हणतो सर्व्हर, तहसीलमध्ये म्हणतात बँक, बँकेत म्हणतात आधार केंद्र. ट्रान्सवालच्या लोकांकडे निदान जाळायला कागद होता.

2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 11 वर्षांची एक मुलगी वारली. आधार न जोडल्याने रेशनकार्ड रद्द झाले होते, भुकेने गेली, असे तिच्या आईने सांगितले. सरकारने मलेरिया म्हटले. त्यानंतर ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना लेखी कळवले की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कोणाचे धान्य रोखायचे नाही, दुसरे ओळखपत्र पाहून द्यायचे आणि नोंद ठेवायची. हा नियम किती दुकानदारांना माहीत आहे? आणि किती बायका तो मागतात?

आमच्या उर्दू शाळांत हीच गोष्ट नावांवर येऊन अडते. विदर्भात आपल्या नावांची रीत ‘शेख अमुक शेख तमुक’ अशी. फॉर्मला हवे पहिले नाव, मधले नाव, आडनाव. मग एका कागदावर शेख हे पहिले नाव होते, दुसऱ्यावर आडनाव. उर्दूत शीन, ये, खे या तीन अक्षरांत शेख कायम एकच. इंग्रजीत त्याची पाच-सहा स्पेलिंगे. मोहम्मदचे कोणीतरी इंग्रजीत दोन अक्षरी रूप करतो, आणि संगणक त्याचे मराठीत ‘एमडी’ करतो. मूल बाकावर बसलेले असते, हजेरीत असते, पण आधार जुळत नाही म्हणून पटसंख्येत धरले जात नाही, आणि पटसंख्येवर शिक्षकांची पदे ठरतात. मशिदीच्या कमिट्यांनी आणि बचत गटांनी रमजानच्या किटसोबत या कामाला एक दुपार दिली तरी पुष्कळ होईल.

पहिलीत मूल आले की मी पालकांकडून एक कागद भरून घेते. जन्मदाखल्यावर जे नाव आहे तेच उर्दूत, मराठीत आणि इंग्रजीत, अक्षर न बदलता. आधारवर वेगळे असेल तर त्याच महिन्यात दुरुस्तीला पाठवते. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतलेले नसतात; ते पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी द्यावे लागतात, ती तारीखही त्याच कागदावर लिहून ठेवते.