कॅमेऱ्यामागचा बाप

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) रोहिताश्वाची भूमिका आपल्याच मुलाला, भालचंद्राला दिली. 'कालिया मर्दन'मधला (१९१९) कृष्ण म्हणजे त्यांची कन्या मंदाकिनी. ही घरगुती हकीकत आपण कौतुकाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु बापाच्या कॅमेऱ्यापुढे उभे असलेले मूल ही प्रतिमा नेहमीच निरागस असते असे नाही. मायकल पॉवेल या ब्रिटिश दिग्दर्शकाने १९६० साली 'पीपिंग टॉम' या भयपटात तिची काळी बाजू दाखवली.

चित्रपटाचा नायक मार्क स्टुडिओत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळतो, आणि एरवी स्त्रियांचे खून करून मरणाऱ्या चेहऱ्यावरची भीती चित्रित करतो. ट्रायपॉडच्या पायात सुरा दडवलेला. जोडीला एक आरसा, मरणारीला स्वतःचाच भेदरलेला चेहरा दिसावा म्हणून! पहिला खून आपण मार्कच्याच व्ह्यूफाइंडरमधून पाहतो. तिकीट काढून अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला येथे खुन्याची नजर उसनी घ्यावी लागते. आणि मार्कचे गुपित ज्या व्यक्तीला सर्वांत आधी जाणवते, ती खालच्या मजल्यावर राहून रोज त्याची पावले ऐकणारी अंध स्त्री असावी, ही योजना मला आरशाहूनही मार्मिक वाटते.

मार्कचा बाप शास्त्रज्ञ. भीतीच्या अभ्यासासाठी त्याने मुलाच्या अंथरुणावर सरडा टाकला, मृत आईचा निरोप घेतानाही त्याचे चित्रण केले. हा बाप खुद्द पॉवेलने रंगवला, आणि लहानगा मार्क त्याच्या मुलाने, कोलंबाने. आरोपीच्या पिंजऱ्यात दिग्दर्शक प्रथम स्वतः उभा राहिला होता.

लंडनच्या समीक्षकांनी मात्र त्याला विकृत ठरवले. एकाने तर हा चित्रपट गटारात टाकण्याचा सल्ला दिला. तो लवकरच पडद्यावरून उतरला. त्याच वर्षी हिचकॉकचा 'सायको' गाजला. त्यात शेवटी एक मनोविकारतज्ज्ञ येऊन खुन्याचा उलगडा करतो आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. पॉवेलने ती सोय ठेवली नाही.

'द रेड शूज'सारखी कलाकृती देणाऱ्या पॉवेलची ब्रिटनमधली कारकीर्द यानंतर जवळजवळ संपली. पुढे दोन चित्रपट त्याने ऑस्ट्रेलियात केले. १९७९ साली मार्टिन स्कोर्सेसीच्या पुढाकाराने 'पीपिंग टॉम' न्यूयॉर्कच्या महोत्सवात पुन्हा दाखवला गेला, तेव्हा पॉवेलने सत्तरी ओलांडली होती.