मोटारीचा जीर्णोद्धार

सर्वण ज्या डिचोली तालुक्यात वसले आहे, तेथील डोंगरांतले लोहखनिज १९५० नंतरच्या दशकात परदेशी जाऊ लागले. त्या पैशामुळे आणि पोर्तुगीज अमदानीतील मोकळ्या आयातीमुळे मर्सिडीज-बेंझसारख्या उंची मोटारी गोमंतकात आल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारताचे आयातनिर्बंध येथेही लागू झाले व सुटे भाग दुर्मिळ झाले. कित्येक मोटारी टॅक्सी म्हणून झिजल्या, काही आडोशाला गंजत राहिल्या.

अशी मोटार घेणाऱ्याने रंगाला भुलू नये. नोंदणीपुस्तकातील क्रमांक इंजिनाशी व सांगाड्याशी जुळतात की नाहीत, हे आधी पाहावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात मोठा फेरफार न झालेली खाजगी मोटारच ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी मोटार नित्य वापरास वा धंद्यास लावता येत नाही.

नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला. भिंती नव्या झाल्या, दैवत तेच राहिले. देवाशी यंत्राची तुलना आम्ही करीत नाही. परंतु जीर्णोद्धाराचा न्याय एकच. मूळ टिकले तरच तो उद्धार. एरवी ती केवळ नवी वस्तू.