तोफेचा गोळा आणि अतिवेगी विमानाचा आकार

श्रोतेहो, आपले नगर हे एके काळी तोफांचे गाव होते. निजामशाहीच्या या राजधानीत 1549 साली महंमद रूमी नावाच्या तुर्की कारागिराने मलिक-ए-मैदान ही सुमारे 55 टन वजनाची तोफ ओतली. पुढे ती परांड्यास गेली, आणि 1632 साली विजापुरास नेण्यात आली. आजही ती तेथील बुरुजावर उभी आहे. एवढी तोफ ओतणे हे धातुविद्येचे थोर कृत्य खरे. परंतु गोळा तोफेच्या मुखाबाहेर पडला की धातूचा अंमल संपतो आणि हवेचा अंमल सुरू होतो. अतिशय वेगाने जाणाऱ्या वस्तूने हवेपुढे कोणता आकार धारण करावा, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

या प्रश्नास गणिताचे रूप प्रथम न्यूटनने दिले. 1687 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात त्याने असे कल्पिले की, हवेचे वा पाण्याचे कण गारांप्रमाणे सरळ येऊन वस्तूवर आदळतात. यावरून पृष्ठभाग जितका तिरपा, तितका दाब कमी, असा नियम निघाला; हा दाब तिरपेपणाच्या कोनाच्या ज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. कमीत कमी अडथळा होईल असा आकारही त्याने काढून दाखविला. नवल असे की, त्या आकाराचे टोक सुईसारखे नसून सपाट होते.

हा नियम व्यवहारात टिकला नाही. 1775 च्या सुमारास फ्रान्समध्ये दालांबेर, काँदोर्से व बोस्यू यांनी नौकांच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून पाहिल्या, तेव्हा न्यूटनचे उत्तर जुळेना. तत्पूर्वी 1742 साली इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्स याने टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला होता. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ येताच हवेचा विरोध एकाएकी वाढतो, हे त्याच्या ध्यानी आले. हाच रॉबिन्स पुढे कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि 1751 साली मद्रासच्या दक्षिणेस सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात वारला.

ध्वनीच्या वेगाचे एवढे महत्त्व का, ते पाहू. कापडबाजारातून टांगा सावकाश येत असला, तर घंटेच्या आवाजाने माणसे आधीच बाजूस सरतात. हवेचे तसेच आहे. वस्तू येत असल्याची वार्ता दाबाच्या रूपाने पुढे जाते, ती ध्वनीच्या वेगाने. वस्तूच ध्वनीहून वेगवान झाली, तर वार्ता मागे राहते. हवेस सावध होण्यास अवसर मिळत नाही, आणि वस्तूपुढे दाबलेल्या हवेची एक भिंतच तयार होते. तीस आघाततरंग म्हणतात. वेग ध्वनीच्या पाचपटीहून अधिक झाला, म्हणजे नगराहून पुणे सव्वा मिनिटाच्या आत गाठता येईल इतका झाला, की हा तरंग वस्तूच्या अंगास जवळजवळ चिकटतो. मग हवेचे कण खरोखरच गारांसारखे आदळू लागतात. नौकांस न लागलेला न्यूटनचा नियम येथे पुष्कळ अंशी लागू पडतो. अशा विमानांवरील दाबाचा पहिला अंदाज त्यानेच करतात.

तथापि या वेगात खरा शत्रू उष्णता आहे. टोकदार वस्तू हवा सहज कापते, पण तरंग टोकालाच चिकटल्याने टोक वितळू लागते. 1951 साली अमेरिकेत ज्युलियन ॲलन याने उलट विचार मांडला: तोंड बोथट ठेवा. मग तरंग पुढे दूर उभा राहतो, आणि बरीचशी उष्णता वस्तूत न शिरता भोवतालच्या हवेत जाते. 1961 साली युरी गागारिन पृथ्वीवर परतला, तो ज्या यानातून, त्याचा आकार तोफेच्या गोळ्यासारखा पूर्ण गोल होता. 1984 साली आपले राकेश शर्मा परतले, तेही बोथट बुडाच्या यानातून. माणसाचा जीव येथे आकारावर अवलंबून असतो.

विमानास मात्र केवळ बोथट राहून चालत नाही. त्यास उचल हवी आणि विरोध कमी हवा. ही तडजोड वातबोगद्यात मोजूनच ठरते. त्या विद्येचे आद्य गुरू प्रांटल यांच्यापाशी जर्मनीत शिकून आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. 1942 साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचे शिक्षण सुरू झाले, त्यात त्यांचा वाटा होता. त्यांनी रचलेले एचटी-2 विमान 1951 साली उडाले. पुढे 23 मे 2016 रोजी इस्रोचे पंखांचे प्रायोगिक यान ध्वनीच्या पाचपट वेगाने परतले. त्याचे नाक गोलसर व बूड उष्णतारोधक फरश्यांनी मढविलेले होते. 7 सप्टेंबर 2020 रोजी संरक्षण संशोधन संस्थेचे यान सहापट वेगाने वीस सेकंदांहून अधिक काळ गेले. त्याच्या पुढील भागाचा उतारच हवा दाबून इंजिनात भरतो. म्हणजे तेथे आकार हा यंत्राचाच एक भाग झाला.

श्रोतेहो, न्यूटनचा नियम सुमारे दोनशे वर्षे चुकीचा ठरविला गेला होता. तो चुकीचा नव्हता. त्याची जागा नौकांच्या तळ्यात नसून आकाशात होती. म्हणून मुलांस सूत्र शिकविताना ते कोठवर खरे आहे, हेही त्याच फळ्यावर लिहून द्यावे.