झाड कोणाचे?

उत्तर प्रदेशात गोरखपूर आणि महाराजगंज या जिल्ह्यांत सालाच्या जंगलांना लागून काही वस्त्या आहेत. तिथल्या लोकांना ‘वनटांगिया’ म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो घोड्याचा टांगा. आम्हालाही तसेच वाटले होते. जंगलातून लाकूड वाहून नेणारे हे टांगेवाले असावेत, असा आमचा अंदाज होता. तो साफ चुकला. हा शब्द आला आहे ब्रह्मदेशातून. बर्मी भाषेत ‘तौंग’ म्हणजे डोंगर आणि ‘या’ म्हणजे शेत. तौंग्या म्हणजे डोंगरावरचे शेत. ब्रह्मदेशाच्या डोंगरातला हा शब्द हिमालयाच्या पायथ्याशी येऊन एका समाजाचे नाव कसा झाला, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. शेतात पिकांबरोबर झाडे वाढवण्याच्या पद्धतीला आज आपण वनशेती किंवा कृषिवानिकी म्हणतो. तिच्या लेखी इतिहासातले एक मोठे प्रकरण या शब्दात दडलेले आहे.

सुरुवात सागापासून करावी लागेल. जहाजे लाकडाची होती तोपर्यंत सागाला पर्याय नव्हता. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली जहाजे सागाचीच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मलबारच्या जंगलांतला चांगला साग कमी होऊ लागला. तेव्हा निलंबूर येथे १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली आणि चातू मेनन यांनी सागाची लागवड करून पाहिली. लागवड पुढे यशस्वी झाली, पण सुरुवातीला नुसते बी रुजवतानाच दमछाक झाली. सागाचे बी टणक कवचात असते आणि ते सहजासहजी उगवत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवूया, पुढे तो कामाला येणार आहे.

१८५२ सालच्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेशातला पेगू प्रांत घेतला आणि सागाची प्रचंड जंगले त्यांच्या हाती आली. त्यांची व्यवस्था पाहण्यासाठी १८५६ साली डीट्रिश ब्रांडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे आला. पुढे १८६४ साली तो हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. त्याच्यापुढचा पहिला प्रश्न साधा होता : साग आहे तरी किती? जंगल अफाट, वाटा नाहीत, आणि झाड न् झाड मोजणे अशक्य. ब्रांडिसने एक युक्ती काढली. हत्तीवर बसून तो ठरावीक रेषेत जंगल ओलांडत जाई. डाव्या हातात बांबूच्या चार काठ्या, उजव्या हातात चाकू. वाटेच्या टप्प्यात दिसणाऱ्या सागाचा घेर अंदाजाने ठरवायचा आणि त्या घेराच्या गटासाठी असलेल्या काठीवर एक खाच पाडायची. संध्याकाळी मुक्कामावर खाचा मोजून आकडे वहीत उतरवायचे. एवढ्याशा पट्ट्यावरून साऱ्या जंगलाचा अंदाज बांधायचा. नमुना पाहणी ही कल्पना वर्गात शिकवताना या चार काठ्यांपेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

त्याच्यापुढचा दुसरा प्रश्न माणसांचा होता. या डोंगरांत कारेन लोक फिरती शेती करत. जंगलाचा तुकडा तोडायचा, वाळू द्यायचा, जाळायचा, राखेत भात आणि कापूस पेरायचा. एक-दोन वर्षांनी जमिनीचा कस उतरला की तो तुकडा सोडून पुढे जायचे. बऱ्याच वर्षांनी, तिथे पुन्हा रान माजले की परत यायचे. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हे सागाचे सगळ्यात मोठे शत्रू. साग सरकारचा ठरल्यामुळे, तो जाळल्याबद्दल गावकऱ्यांवर खटलेही भरले जात.

ब्रांडिसला जर्मनीतली एक जुनी पद्धत माहीत होती. तिकडे जंगलाचा भाग तोडल्यावर नव्या रोपांच्या ओळींमध्ये काही वर्षे धान्य पिकवू देत. त्या पद्धतीला ‘वाल्डफेल्डबाऊ’, म्हणजे वनातली शेती, असेच नाव होते. मग कारेन शेतकऱ्यानेही आपल्या तौंग्यात भाताबरोबर साग लावला तर? त्याला एक-दोन पिके मिळतील, त्या पिकांची तण काढताना सागाचीही निगा होईल, आणि तो निघून गेल्यावर मागे ओसाड रानाऐवजी सागाची लागवड उभी राहील.

गंमत अशी की, या कामाला कारेनांची पद्धत तंतोतंत लागू पडत होती. सागाच्या रोपाला भरपूर ऊन लागते, दाट सावलीत ते तग धरत नाही. बियांच्या टणक कवचाला आगीची धग लागली की त्या लवकर रुजतात. जमीन मोकळी करणे, तिच्यावर आग फिरवणे आणि पहिली दोन वर्षे तण काढणे, सागाच्या बालपणाला हव्या असलेल्या या सगळ्या गोष्टी कारेन शेतकरी पिढ्यान् पिढ्या करतच होता. वनखात्याला मात्र आगीबद्दल उमज पडायला बराच काळ लागला. आग पूर्ण बंद ठेवल्याने ब्रह्मदेशात सागाची नवी रोपे येईनाशी झाली आहेत, अशी तक्रार एका वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या मासिकात केली ती १८९६ साली.

कारेन लोक मात्र सुरुवातीला या योजनेत यायला तयार नव्हते. आपल्या रानात एकदा सरकारचा साग उभा राहिला की ते रान आपल्याला परत मिळणार नाही, अशी त्यांना भीती होती. आमच्या मते त्यांचे गणित अधिकाऱ्यांपेक्षा पक्के होते. फिरती शेती टिकते ती परत येण्यावर. भाताचे पीक चार-पाच महिन्यांत हाती येते, साग तोडायला साठ, ऐंशी, कधी त्याहून जास्त वर्षे लागतात. तेवढ्या काळात शेतकऱ्याच्या तीन पिढ्या होतात. रोपे लावल्याबद्दल पैसे मिळत, तेही जगलेल्या रोपांची मोजदाद करून. परंतु जमीन आणि झाड या दोन्हींवर त्याचा हक्क उरत नसे. पुढे हळूहळू पुष्कळ कारेन गावे यात आली. काही पैशांसाठी आली, आणि काही बाकीचे जंगल राखीव झाल्याने दुसरी वाट नव्हती म्हणून आली. सरकारच्या दृष्टीने हा सौदा फार स्वस्तात पडला. मजुरी कमी, तण काढायचा खर्च जवळजवळ नाही, आणि सागाच्या सरळ रांगा उभ्या!

स्वस्त गोष्ट लवकर पसरते. दक्षिण आफ्रिकेत ही पद्धत १८८७ साली, चितगावात १८९० साली आणि बंगालमध्ये १८९६ साली पोहोचली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ती गोरखपूरच्या जंगलांत आली. रेल्वेच्या रुळांखाली घालायच्या स्लीपरांसाठी साल लागत होता आणि तोडलेल्या सालाच्या जागी नवा साल हवा होता. भूमिहीन माणसे आणून वसवली गेली. त्यांनी जमीन साफ करायची, सालाचे बी ओळीत पेरायचे, रोपे राखायची. बदल्यात दोन ओळींमधल्या पट्ट्यात आपले धान्य पिकवायचे. झाडांची सावली पडू लागली की पुढचा तुकडा.

इथे एक फरक नीट पाहायला हवा. कारेन शेतकरी आधीपासून त्या डोंगरांत राहत होता. रान त्याचे होते, नंतर ते गेले. गोरखपूरच्या टांगिया मजुराजवळ मुळातच काही नव्हते. त्याची वस्ती वनखात्याच्या जमिनीवर, म्हणजे महसुली दप्तरात ते गावच नाही. गाव नाही म्हणून पक्के घर बांधायला मुभा नाही, सरकारी शाळा नाही. ऐंशीच्या दशकात वनखात्याने ही पद्धत बंद केली, तेव्हा साठ वर्षे जंगल लावणारी माणसे अतिक्रमण करणारी ठरली. २००६ च्या वनहक्क कायद्यात अशा वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर करण्याची तरतूद आली. प्रत्यक्षात गोरखपूर-महाराजगंजच्या या वस्त्यांना महसुली गावाचा दर्जा मिळू लागला तो २०१७ नंतर. त्यांनी लावलेला साल अजून उभा आहे. त्यातले एकही झाड त्यांचे नाही.

‘वनशेती’ या विषयाला शास्त्र म्हणून मान मिळाला तो १९७७ च्या सुमारास. कॅनडातील एका संशोधन संस्थेसाठी जॉन बेने यांनी केलेल्या अहवालातून एक आंतरराष्ट्रीय परिषद जन्माला आली आणि लवकरच तिचे मुख्यालय नैरोबीत थाटले गेले. तेव्हापासून वनशेतीच्या पाठ्यपुस्तकांत इतिहास म्हटला की तौंग्याचे नाव हमखास येते. बऱ्याचदा ओळींमधले अंतर, पिकांची निवड, रोपांची संख्या एवढेच त्यात असते. हक्काचा भाग राहून जातो.

आता जरा आपल्या बांधावर येऊ. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने शेतातली झाडे सर्वसाधारणपणे खातेदाराची मानली, पण सरकारने राखून ठेवलेली झाडे त्यातून वगळली. सागासारखी मोलाची झाडे अशी राखली जात. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात १९६४ साली वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा झाला. त्याच्या यादीत सागाबरोबर आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा अशी झाडे आहेत, आणि ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते. हेतू चांगला होता, बेसुमार तोड थांबवण्याचा. त्याचा दुसरा परिणाम आम्ही अनेक गावांत पाहिला आहे. बांधावर आपोआप उगवलेले सागाचे रोप शेतकरी औताच्या वेळी मुकाट्याने उपटून टाकतो. ‘मोठं झालं की कागदं करत फिरायचं कोणी?’ असे तो विचारतो. सातबाऱ्यावर नोंद, अर्ज, पंचनामा, वाहतुकीचा परवाना हे सगळे त्याला त्या वीतभर रोपातच दिसत असते. भारत सरकारने २०१४ साली राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केले. तोडणी आणि वाहतुकीचे जाचक नियम ही मोठी अडचण आहे, असे त्या धोरणातही मान्य केले आहे. २०१७ साली वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळले गेले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे, हे कायद्याच्या लक्षात यायला १९२७ पासून नव्वद वर्षे लागली!

शिवकाळाच्या परंपरेतले आज्ञापत्र इथे आठवते. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कुठून आणावे याची चर्चा आहे. साग, शिसव अरण्यातून परवानगीने घ्यावे. रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे एक-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन मगच तोडावे, असा त्याचा आशय आहे. पर्यावरणाचे वचन म्हणून हा मजकूर आपण भिंतींवर पुष्कळदा वाचला आहे. आम्हाला त्यातला ‘धनी’ अधिक महत्त्वाचा वाटतो. झाडाला धनी आहे आणि तो राजाच्या आरमारालाही ‘नाही’ म्हणू शकतो, हे तिथे गृहीत धरले आहे.

झाडाला धनी मिळाला की काय होते, याचे अलीकडचे उदाहरण आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिण काठावरच्या नायजर देशात सापडते. तिथल्या शेतांत ‘गाओ’ नावाचे, आपल्या बाभळीच्या गोतातले एक झाड असते. त्याचा स्वभाव उलटा आहे. पावसाळ्यात, म्हणजे बाजरी उभी असताना, ते पाने झाडते. उन्हाळ्यात हिरवे राहते. त्यामुळे पिकाला सावलीचा त्रास नाही, गळलेल्या पानांनी जमिनीला नत्र मिळते, आणि चारा संपतो तेव्हा गुरांना पाने-शेंगा मिळतात. इतके गुणी झाड, तरीही फ्रेंच अमदानीपासून झाडे सरकारची आणि तोडली तर दंड, असा कायदा होता. मग शेतकरी करत काय? आपल्या शेतकऱ्याप्रमाणेच पेरणीपूर्वी सगळे कोंब साफ कापून टाकत.

टोनी रिनॉडो हा ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ मारादी भागात रोपे लावून थकला होता, कारण बहुतेक रोपे मरत. १९८३ साली त्याच्या ध्यानात आले की शेतात दिसणारी खुरटी झुडपे ही झुडपे नाहीतच. ती तोडलेल्या मोठ्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना फुटलेली धुमारे आहेत. मुळे जमिनीत शाबूत होती. चार-पाच चांगले फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे, एवढेच काम. रोपवाटिका नको, खड्डे नकोत, पाणी नको. पण राखलेले झाड उद्या आपल्याला तोडता येईल का, हा शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न होता. स्थानिक वनाधिकाऱ्यांनी दंडाचा बडगा खाली ठेवला आणि शेतकरी फुटवे राखू लागले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत उपग्रहचित्रांवरून केलेल्या अंदाजानुसार सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर पुन्हा झाडे दिसू लागली. शेतकऱ्याचा हा हक्क सरकारी हुकमाने स्पष्ट शब्दांत मान्य झाला तो त्यानंतर, २०२० साली.

आठवी-नववीच्या मुलांकडून एक पाहणी करून घेता येईल. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर शेतातली आणि बांधावरची झाडे मोजायची. ब्रांडिसप्रमाणे चार काठ्या घ्याव्यात. मुलाच्या एका हाताच्या कवेत मावणारे खोड, दोन्ही हातांच्या कवेत मावणारे, दोघांच्या कवेतले आणि त्याहून जाड असे चार गट पुरेत. मोजणी झाल्यावर प्रत्येक जातीच्या चार-पाच झाडांबाबत शेतकऱ्याला तीन प्रश्न विचारायचे : हे कोणी लावले की आपोआप आले? सातबाऱ्यावर याची नोंद आहे का? आणि तोडायचे ठरले तर कोणाला विचारावे लागेल? सर्वांत जाड गटात कोणती झाडे येतात आणि सर्वांत बारीक गटात कोणती, याचा तक्ता फळ्यावर मांडावा. बारीक गटात साग किती सापडतो, तेवढे आम्हाला जरूर कळवा.